परतवारी

चपला काढून पायरीच्या कडेला ठेवा आणि बसा. दगड ओला असेल तर खाली उपरणं, रुमाल, काहीही टाका. पण बसा दगडावरच, खुर्ची शोधू नका. हा नर्सीचा नदीकाठ. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी, कागदोपत्री नर्सी नामदेव. समोर कयाधू आहे आणि दिवस आषाढ वद्य द्वादशीचा.

काल एकादशी होती, म्हणजे इथली परतवारी. आषाढी आटोपून पंढरपूरहून माणसं निघाली की इकडच्या वारकऱ्यांची पावलं आधी नर्सीकडे वळतात. नर्सीत माथा टेकला की वारी पुरी झाली, असं आमच्याकडे मानतात. काल इथे टाच टेकवायला जागा नव्हती. आज चिखलात उमटलेल्या पावलांत पाणी साचलं आहे, फराळाचे द्रोण काठाला लागले आहेत, कुणाची तरी एकच चप्पल उलटी पडली आहे. उद्या त्रयोदशी, नामदेवांची पुण्यतिथी. या दोन्हींच्या मधला हा रिकामा दिवस मला मननासाठी फार सोयीचा वाटतो. गर्दीच्या दिवशी देव भेटतो म्हणतात, मला मात्र तो दुसऱ्या दिवशी जरा निवांत सापडतो.

श्वासाचं काही विशेष करू नका. चाललाय तसा चालू दे. नुसतं पाणी बघा.

गढूळ आहे, आषाढात असायचंच. उन्हाळ्यात याच पात्रातून चालत पलीकडे जाता येतं. एखादी काडी वाहत येईल, तिच्यावर नजर ठेवा आणि ती दिसेनाशी झाली की मनानं तिच्यामागे जा. कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीला. ही काडी कुठे अडकली नाही तर बंगालच्या उपसागरात जाईल. आपल्या पायाशी असलेलं पाणी इतकं लांबचं आहे, याचा विचार आपण एरवी करत नाही. आपण म्हणतो, नदी आमच्या गावची.

आज आपल्याला जायचं आहे ते मात्र या पाण्याच्या उलट दिशेला, उत्तरेला. इथून निघालेला एक माणूस जिथे पोचला तिथे बियास वाहते. बियास सतलजेला मिळते आणि ते पाणी शेवटी सिंधूतून अरबी समुद्राला जातं. कयाधूचं पाणी एका समुद्राला, बियासचं दुसऱ्या. ही दोन पाणी जमिनीवर कुठेच एकमेकांना भेटत नाहीत. मधे फक्त एक माणूस आहे.

त्या माणसाकडे जाण्याआधी एक छोटं काम करा. मनात एखादा लांबचा देश आणा, जुना, देवळांचा, मनोऱ्यांचा, राजवाड्यांचा. तुम्हाला जायचा राहिलेला, किंवा जाऊन आलेला. जे चित्र येईल ते येऊ द्या. बहुतेक वेळा त्या चित्रात आपण उभे असतो आणि समोर काहीतरी भव्य असतं. आपण बघतोय, ते दाखवलं जातंय. सहा रात्री सात दिवस, सकाळचा नाश्ता धरून. मला त्याची कुचेष्टा करायची नाही, मीही असा फिरलो आहे आणि नाश्ता चांगला होता. पण त्या चित्रात आपल्याला कुणी काही मागत नाही, आणि आपणही कुणाला काही देत नाही. हे चित्र तसंच बाजूला ठेवा, त्या उलट्या चप्पलेशेजारी. नंतर बघू.

परंपरेनं नामदेवांचा जन्म शके 1192चा, म्हणजे इसवी सन 1270चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घराणं शिंप्याचं. घर पुढे पंढरपुरात नांदलं, आणि पोराला विठ्ठलाचं असं वेड लागलं की धंद्यात लक्ष लागेना. गज, कात्री, सुई, दोरा ही त्या घरातली अवजारं. ती लक्षात ठेवा, पुढे दीड-दोन हजार किलोमीटरवर ती पुन्हा दिसणार आहेत.

आता इथून उठल्यासारखं करा, पण उठू नका. मनानं औंढ्याला चला. हिंगोलीकर औंढा नागनाथला जाणं म्हणजे प्रवास समजत नाहीत. लग्नपत्रिका ठेवायला जावं तितकं ते जवळ आहे. आणि तरी नामदेवांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा टप्पा मला हाच वाटतो.

गोष्ट घरोघरी माहीत असलेली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, मडकं भाजलंय की कच्चं. नामदेव चिडले, म्हणून कच्चे ठरले. गुरू केला नाही तोवर पक्कं व्हायचं नाही, म्हणून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. विसोबा कुठे? तर औंढ्याला. पंढरपुरात देव रोज बोलत होता, तो सोडून माणूस निघाला आणि आला कुठे, तर आपल्याच जन्मगावाच्या शिवेला. लांब जाण्याची सुरुवात घराच्या उंबऱ्याशी झाली.

देवळात शिरा. बाहेरची कोरीव नक्षी आज राहू द्या. यादवकाळातलं हेमाडपंती काम आहे, ते बघायला वेगळा दिवस हवा. सभामंडपातून गाभाऱ्याकडे या. औंढ्याचा गाभारा समोर नाही, खाली आहे. जमिनीतल्या एका अरुंद तोंडातून पायऱ्या उतरतात. आधी खालून कुणी वर येतंय का ते बघावं लागतं, कारण दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मग वाका. डोकं सांभाळा. हात भिंतीला लागतो, भिंत थंड आणि तुपकट ओली असते. खाली छत इतकं खुजं की ताठ उभं राहता येत नाही, बसावंच लागतं. बेलाचा वास, दुधाचा आंबूस वास, माणसांच्या उच्छ्वासाची ऊब. पिंडी हाताच्या अंतरावर. इथे कितीही मोठा माणूस आला तरी उकिडवा बसतो. बारा ज्योतिर्लिंगांत मानलं जाणारं हे स्थान, आणि देवाच्या पुढ्यात कुणाच्याही उंचीला काही अर्थ उरत नाही.

थोडा वेळ तसेच वाकून बसा. पाठीला रग लागली तर लागू दे.

याच देवळात नामदेवांना एक म्हातारा आडवा पसरलेला दिसला, पाय थेट पिंडीवर. नामदेवांनी हटकलं. म्हातारा म्हणाला, बाबा रे, मला उठवत नाही. जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, ज्या ज्या जागी ठेवले तिथे तिथे पिंडी उमटली. शेवटी पाय हातात धरून ते तसेच उभे राहिले. ठेवायचे कुठे?

ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि चमत्कार म्हणून सोडून देतो. मलाही ती तशीच वाटायची. मग गुरू नानकांच्या जनमसाखीतली मक्केची गोष्ट वाचनात आली. नानक झोपलेत, पाय काब्याकडे. कुणीतरी रागावतं. नानक म्हणतात, जिथे ईश्वर नसेल त्या बाजूला वळवा. पाय वळवले तिकडे काबा. नामदेव आणि नानक यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आहे. एक गोष्ट औंढ्याच्या पिंडीभोवतीची, दुसरी मक्केची. कोणती आधीची आणि कोण कुणाकडून शिकलं, याची मला उत्सुकता नाही. मला एवढंच दिसतं की नामदेव ज्या मुलखात गेले, तिथल्या लोकांनाही पाय कुठे ठेवायचे हाच प्रश्न पडला होता.

आता आपले पाय बघा. खरोखर बघा, मनानं नव्हे. मांडी घातली असेल तर एक तळवा वर आला असेल. त्याची दिशा कुठली? पूर्व, दक्षिण, नदी, देऊळ, की ती कुणाची चप्पल? आपण आयुष्यभर पाय न लागण्याची काळजी घेतो, पुस्तकाला, ताटाला, थोरामोठ्यांना. ते चांगलंच. पण ज्या बाजूला पाय करून आपण बेफिकीर बसतो, ती बाजू आपण मनात कधीच रिकामी ठरवलेली असते. आज ती कोणती आहे, एवढं नुसतं पाहा. पाय हलवायची गरज नाही.

औंढ्याची आणखी एक गोष्ट आहे. नामदेवांना कीर्तनाला समोर उभं राहू दिलं नाही, ते देवळामागे गेले, तर देऊळच फिरलं. दार पश्चिमेला आणि नंदी मागे, याचं कारण लोक असं सांगतात. देऊळ फिरल्याचा उल्लेख नामदेवांच्या त्या पदांतही आहे, जी पंजाबात जपली गेली. अपमानाची आठवण माणसानं इतक्या लांबपर्यंत सोबत नेली. प्रवासाच्या सामानात हेही असतं, आपण ते यादीत लिहीत नाही.

चला आता. पिंडीला हात लावा, वर या.

पहिला प्रवास ज्ञानदेवांबरोबरचा. तीर्थावळीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यात तो येतो. त्यातली मला आवडणारी जागा मारवाडातली, कौलायतची. दोघांना तहान लागलेली, विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगी, ते सूक्ष्म रूप घेऊन खाली गेले, पाणी पिऊन आले, नामदेवांना म्हणाले, तुझ्यासाठीही आणतो. नामदेव नको म्हणाले. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहिली. गोष्टीचा अर्थ भक्ती योगाहून मोठी, असा लावतात. मला त्यात वेगळं काही दिसतं. एकट्यानं खाली उतरून आपल्यापुरतं पिऊन येता येतं. दुसरीकडे पाणी वर आलं की ते गावाचं होतं. गुरं पितात, बाया घागरी भरतात. मारवाडात तर त्याचं मोल विचारायलाच नको.

1296 साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. नामदेव सव्वीस वर्षांचे होते. पुढचं अर्धं शतक त्यांना त्या सोबत्यावाचून काढायचं होतं, आणि आपल्या भाषेचं राज्यही डोळ्यांदेखत गेलेलं बघायचं होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पंजाबात गेले आणि तिथे वीसेक वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. ती वर्षं धरली तर साधारण त्याच सुमारास, 1327 साली, मुहम्मद तुघलकानं दिल्लीच्या माणसांना दौलताबादेला हलवलं होतं. हुकमानं दक्षिणेला येणारी माणसं होती, आणि हा एक शिंपी टाळ घेऊन आपण होऊन उत्तरेला निघालेला.

इथे आपण चालायचं आहे. बसल्या जागी.

रोज पाच-सहा कोस, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर धरा. सकाळी निघायचं, ऊन चढलं की झाड बघायचं, संध्याकाळी गाव बघायचं. अशानं शंभर दिवस तरी लागतील, पावसाळा मधे आला तर चार महिने एकाच गावात. पहिले काही दिवस आपलीच बोली. मग एखाद्या गावात भाकरीचं पीठ बदलतं. मग पागोट्याची तऱ्हा. मग एके दिवशी आपण काही बोलतो आणि समोरचा हसतो, कारण त्याला तो शब्द मजेशीर वाटतो. लांबचा देश एका रेषेपाशी सुरू होत नाही. तो भाकरी, पागोटं, शब्द असा थोडा थोडा येत जातो. विमानानं आपल्याकडून हे काढून घेतलं. वेळ वाचला हे खरं, पण कुठे बदललं ते कळायचं राहून गेलं.

आता एक शब्द उच्चारा. मोठ्यानं, कुणी बघत असलं तरी. म्हणा: पाणी.

पुन्हा, सावकाश. पा, आणि मग णी. ण म्हणताना जीभ मागे वळते, टोक टाळूला लागतं आणि सुटून खाली येतं. एवढीशी हालचाल, आपण जन्मभर करत आलो आहोत, पण तिच्याकडे कधी लक्ष गेलेलं नसतं. आता पानी म्हणून बघा. जीभ पुढे आली, दातांमागे टेकली. हिंदीत पानी आहे. पण गुजरातीत पाणी आहे. मारवाडीत पाणी आहे. आणि पंजाबीत, गुरुमुखीत लिहिलेलं असो की बियासच्या काठच्या एखाद्या आजीच्या तोंडी असो, पाणीच आहे, आपल्याच णसकट.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुळ्यासारखा दिवसभर तो शब्द घोळवत होतो. गुजरात, मारवाडच्या वाटेनं माणूस चालत गेला तर त्याची जीभ या शब्दाला कधी अडखळणारच नाही. कौलायतच्या विहिरीवर नामदेवांनी जो शब्द मनात म्हटला असेल, तो तिथल्या बाईला कळला असता. सगळं बदलत गेलं, भाकरी, पागोटं, देवाचं नाव. पण तहान लागली की जी वस्तू मागायची तिचं नाव बदललं नाही.

पाच वेळा म्हणा. दर वेळी जिभेचं टोक टाळूला लागतंय ना, एवढंच बघा. पाचव्या वेळी अर्थ निघून जाईल आणि नुसता आवाज उरेल. तो आवाज घेऊन पुढे जाऊ.

हल्ली नांदेडहून सचखंड एक्सप्रेस अमृतसरला जाते. सुमारे दोन हजार किलोमीटर, दीड दिवस. या गाडीची ख्याती अशी की वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. प्रवासी खिडकीतून डबा पुढे करतात, कुणी ताटली, कुणी नुसताच पेला. कढी, भात, डाळ, भाजी पडते. जात विचारत नाहीत, तिकीट विचारत नाहीत, आभाराची वाट बघत नाहीत. गाडी सुटायची असते, पुढच्या खिडकीशी जायचं असतं. घरून निघताना डबा रिकामा न्यायचा, हे या गाडीनं जाणाऱ्याला पक्कं माहीत असतं. मघा जो लांबचा देश बाजूला ठेवला होता ना, त्यात असा रिकामा डबा कुठे होता का, आठवून बघा.

बियासला उतरा. जानेवारी असेल, तर धुकं असेल. घुमान गुरदासपूर जिल्ह्यात येतं, बियास आणि बटाला यांच्या दरम्यान. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं, मधे मोहरीचा पिवळा. हा पिवळा बघून हिंगोलीच्या माणसाला हळद आठवते. पण आपला पिवळा जमिनीखाली असतो. वर हिरवी पानं दिसतात, कित्येक महिने काही कळत नाही. कंद उपटून शिजवून उन्हात पसरले की वसमतकडचं खळं न् खळं पिवळं होतं, हाताच्या रेघांत तो रंग आठवडाभर टिकतो. इथे पिवळा उघड, वाऱ्यावर. एवढा फरक सोडला तर धुक्यातलं शेत कुठलंही असू शकतं.

कुणी विचारेल, कुठून आलात. हिंगोली म्हणून उपयोग नाही. नांदेड म्हटलंत तर चेहरा उजळेल, हजूर साहिब! पण तुम्ही म्हणा, बाबा नामदेवांच्या गावाहून. गावाला पंजाबीत पिंड म्हणतात. आपल्याकडे पिंड म्हणजे देह, पिंडी म्हणजे देव, आणि मेल्यावर कावळ्यापुढे ठेवतो तोही पिंडच. पिंडी ते ब्रह्मांडी म्हणताना या सगळ्यांत गाव बसत नाही. घुमानला ते आपोआप बसतं.

परंपरा सांगते की इथे तेव्हा रान होतं. नामदेव आले, राहिले, बहोरदासासारखे शिष्य भोवती जमले, वस्ती झाली. ज्या ठिकाणी त्यांनी तप केलं ती जागा तपियाना साहिब म्हणून दाखवतात. अठराव्या शतकात जस्सासिंग रामगढिया यांनी इथलं बांधकाम करवलं आणि रणजितसिंहांच्या सासूबाई सदाकौर यांनी तळं, असं सांगतात. माघात मोठा मेळा भरतो. पंजाबातले छिंबे, म्हणजे कापड रंगवणारे, छापणारे, शिवणारे लोक, नामदेवांना आपलं दैवत मानतात. शिंपी घराण्यातला माणूस निघाला होता, तो शिंप्यांतच पोचला.

1604 साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची एकसष्ट पदं घेतली. ती अठरा रागांत आहेत. शेजारी कबीर, शेजारी रविदास, शेख फरीद. नामदेव जाऊन तोवर अडीचशे वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती पदं कुणाच्या तरी तोंडी होती, तोंडातून तोंडात जात होती, आणि ज्यांच्या तोंडी होती त्यांना मराठी येत नव्हतं. तरी त्यात विठ्ठल आहे, तिथल्या उच्चारात बीठल झालेला. 'आनीले' असं क्रियापद आहे, ते ऐकताच आपला कान टवकारतो, अरे, हे तर आणिलें! आणि गज आहे, कात्री आहे, सुई आहे, धागा आहे.

इथे थोडं थांबा, माझ्यासाठी. जी माणसं एखाद्या शब्दाचं व्याकरण जाणत नाहीत आणि तरी तो न बदलता जपतात, ती नेमकं काय जपत असतात? सोपं होतं, आनीलेचं 'लाया' करून टाकणं. कुणी केलं नाही. माझ्या घरात आजोबांच्या हातची एक कात्री आहे. धार गेलेली, उघडताना कर्रर वाजणारी. ती टाकून दे म्हणून मला अनेकदा सांगितलं गेलं. मी कारण देऊ शकलो नाही आणि टाकूही शकलो नाही. तुमच्याकडेही असेल असं काही, वस्तू असेल किंवा शब्द असेल. ते आता मनात आणा आणि त्याचं कारण शोधू नका. हातात घेतल्यासारखं करा. वजन किती आहे? गार आहे का?

बस, ठेवा.

घुमानमध्ये लोक मानतात की बाबा नामदेवांनी देह तिथेच ठेवला. आपण मानतो की ते परत आले आणि 1350 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पंढरपूरच्या महाद्वारात समाधिस्थ झाले. नामदेव पायरी ती हीच. वारकरी तिच्यावर पाय देत नाहीत, तिला हात लावून पुढे जातात. पण संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा होती म्हणतात. तरुणपणी म्हाताऱ्याचे पाय कुठे ठेवायचे हा पेच पडलेला माणूस म्हातारपणी स्वतःच पाय ठेवायची जागा झाला. आणि समाधी नक्की कुठली, यावर मी कधी वाद घालत नाही. ज्या माणसाला दोन गावं आपलं म्हणून पुरायला तयार आहेत, त्याचं भांडण मिटवायची मला घाई नाही.

वाट एकतर्फी राहिली नाही. 1708 साली गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदावरीच्या काठी त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्या मुक्कामाची आठवण आपल्या वसमतमध्येही गुरुद्वाराच्या रूपानं आहे. नांदेडचे शीख आज भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. 2015च्या एप्रिलमध्ये 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, अध्यक्ष सदानंद मोरे. इतक्या लांब मराठी पुस्तकं कोण घेणार, अशी कुरकुर तेव्हा झाली होती. प्रश्न व्यवहाराचा होता, चुकीचा नव्हता. पण घुमानला मराठीतलं काही घेतलं जातं की नाही, याचं उत्तर 1604 सालीच लिहून झालेलं होतं.

आता परत या. घाई नाही, आलो त्याच वाटेनं. मोहरी मागे पडेल, धुकं विरेल. लंगरचा डबा विसळून पिशवीत ठेवा. मारवाडची विहीर. तिथे वाकून बघा, किती भरली आहे. मग पागोटी बदलतील, मग भाकरी. ज्वारीच्या भाकरीचा वास आला की समजा, आपलं शिवार आलं. औंढ्याला पायऱ्या उतरायची गरज नाही, कळसाला बाहेरूनच हात जोडा.

आणि हा दगड. अजून ओला आहे. तुम्ही बसलात तेवढी जागा मात्र कोरडी झाली असेल.

पाणी मघापेक्षा थोडं चढलं आहे का? वर कुठेतरी पाऊस झाला असेल. काठाचे द्रोण एकेक करून सुटतील आणि पैनगंगेकडे निघतील. बाजूला ठेवलेलं ते चित्र आठवतंय? चप्पलेशेजारचं? तो देश जिथे आहे तिथेच आहे. तिकीट काढायचं तर काढा. फक्त त्या चित्रात आता कुणीतरी एक बाई उभी करा, विहिरीवर किंवा नळावर, आणि तुम्हाला तिच्याकडे पाणी मागायचं आहे. तिच्या भाषेत त्याला काय म्हणतात? जाण्याआधी तेवढा एक शब्द शिकून घ्या. जीभ कुठे लागते ते बघा.

मागे पायरीवर पाय वाजतील. एक म्हातारे बाबा येतील, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, खांद्यावर पताका गुंडाळलेली. त्यांची गाडी कुठेतरी बंद पडली आणि एकादशी हुकली, हे ते तुम्हाला आपण होऊन सांगतील. काल नाही तर आज, असं म्हणत ते शेजारी टेकतील, आधी त्या उलट्या चप्पलेकडे बघतील, मग तुमच्याकडे. आणि विचारतील, पाणी हाय का वो?

बाटली त्यांच्या हातात द्या.